भाऱ्याने मोजलेली गल्ली

घरासमोरचा रस्ता किती रुंद असावा, हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवायचं असतं. इंजिनिअरने ते कागदावर आखून द्यावं, एवढंच. हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. मधल्या काळात आकडा मात्र बदलला. तो कसा बदलला, ते सांगतो.

मी पत्रकांवर वाढलो. घरात पुस्तकं नव्हती. वडील सभांना जात आणि येताना घडी घातलेली पत्रकं आणत. आई ती फडताळात डब्यांखाली अंथरी. मी डबे सरकवून ती वाचत असे. त्यातून एक सवय लागली ती कायमची: काय हवं ते पहिल्या ओळीत सांगायचं, आणि कमी मागायचं नाही.

फाळणीला चार-पाच वर्षं झाली असतील. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये होतो. लोखंडाचा कुठलाही भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो करणं हे आमचं काम. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा करायचा असतो. उमेदवारी संपली तेव्हा फोरमनने मला एक पोलादी फूटपट्टी दिली होती. ती मी कायम खिशात बाळगत असे. माझ्या मालकीची दुसरी फूटपट्टी नव्हती.

शेजारच्या बाकावर माझा जोडीदार होता. सिंधमधून आलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला साईं. तो उल्हासनगरच्या कॅम्पमध्ये एका लष्करी बरॅकीत राहायचा. त्याचं मराठी निम्मं हिंदी होतं आणि त्याचा हात माझ्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ होता.

आम्ही बेचाळीस कामगार-कारकुनांनी मिळून सोसायटी काढली आणि अंबरनाथच्या पूर्वेला, ओढ्याच्या अलीकडचं एक भातखाचर घेतलं. सोसायटीच्या नियमांत दोन कलमं माझ्या हातची होती: सगळ्यांचे प्लॉट समान, सगळ्या गल्ल्या समान. प्रत्येक प्लॉट साठ फूट खोल. गल्ल्या तीन, ओढ्याला समांतर, आणि प्रत्येक गल्लीच्या दोन्ही बाजूंना सात-सात घरांची एकेक ओळ. अशा सहा ओळी. खरेदीखतात जमीन एकर-गुंठ्यांत होती, म्हणून सडकेपासून ओढ्यापर्यंतचं अंतर मीच फुटाफुटाला गाठी मारलेल्या दोरीने मोजलं. चारशे अठ्ठावीस फूट भरलं. बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले. भाईला शेवटची ओळ आली, अगदी ओढ्याकाठची. तो खूष होता. म्हणाला, "पीछे पानी, आगे पडोसी. और क्या चाहिए?"

राहिली फक्त गल्लीची रुंदी. ती ठरल्याशिवाय नकाशा कचेरीत जाणार नव्हता.

आमचे अध्यक्ष कारखान्यात हेडक्लार्क होते. त्यांनी पंधरा फूट सुचवलं. हिशेब सरळ होता: बैलगाडीची चाकं पाच फुटांत बसतात, दोन गाड्यांचे दहा फूट, वर पाच मोकळे. उरलेल्या तेवीस फुटांत सडकेला लागून बाग करायची. बाग सर्वांची, पण ती येणार होती पहिल्या ओळीच्या दारात, आणि पहिल्या ओळीत अध्यक्षांचा प्लॉट होता.

मला संताप आला. आम्ही सगळे बोळांतून आणि चाळींच्या गॅलऱ्यांतून आलेली माणसं. स्वतःच्या हाताने गाव वसवायची संधी मिळाली आणि पुन्हा बोळच काढायचे? मी रात्रपाळीच्या कॅन्टीनमध्ये बसून पत्रक लिहिलं, कल्याणच्या एका छापखान्यात छापून घेतलं आणि गेटवर वाटलं. पहिली ओळ होती: 'चाळीस फूट! एक इंचही कमी नाही.' उजेड आणि हवा यांवर पहिल्या ओळीचाच हक्क नाही, असं पुढे होतं. पत्रक चांगलं होतं. सुटी झाल्यावर लोक ते वाचत घरी जात होते, आणि कामगाराने पत्रक घरापर्यंत नेणं ही त्याची खरी परीक्षा.

फक्त बेरीज मी केली नव्हती. ती अध्यक्षांनी केली. तीन गल्ल्यांचे एकशेवीस, सहा ओळींचे तीनशे साठ, मिळून चारशे ऐंशी. जागा चारशे अठ्ठावीस. त्यांनी नकाशा नव्याने काढून नोटीस बोर्डावर लावला. त्यात शेवटच्या ओळीवर तांबड्या शाईने फुली मारलेली होती.

दुसऱ्या दिवशी भाई बाकावर आला आणि कामाला लागला. तासभर रंधा चालत राहिला. मग म्हणाला, "साईं, तुझं पत्रक वाचून दाखवलं बायकोला. तिला आवडलं."

"मग?"

"मग तिने विचारलं, या रस्त्यावर आपलं घर कुठे आहे? मी म्हटलं, आपल्याच घराचा रस्ता केलाय."

मी म्हणालो, त्या सात घरांसाठी दुसरी जमीन शोधू. तो हसला. "एकदा जमीन सोडून आलो. आता दुसऱ्यांदा लिहून देऊ?"

त्याच रविवारी त्याने मला घरी बोलावलं. बरॅक म्हणजे लांबच लांब एकच खोली. गोणपाटाचे पडदे टांगून तिच्या खोल्या केलेल्या. भाईच्या वाट्याला दोन पडद्यांमधली जागा होती. पलीकडे कोणी खोकलं की आमच्या कपातला चहा हलेल, इतकं ते जवळ. बाहेर मात्र दोन बरॅकींमध्ये ऐसपैस मोकळी जागा होती. लष्कराने ती कशासाठी सोडली असेल ती असो, आता तिच्यात खाटा होत्या, कोळशाची वखार होती, एक गाय होती आणि नळावर भांडणारी रांग होती. चालायला जेमतेम हातभर वाट उरली होती.

भाभी पापड लाटत होती. तिने वर न बघता विचारलं, "भाऊ, हा रस्ता किती फुटांचा असेल?"

मी अंदाज केला. "चाळीसच्या वर."

"तेच म्हणते मी. इथे रस्ता बहोत आहे. दीवार नाही." तिने लाटलेला पापड भाईकडे उन्हात टाकायला दिला. "आमच्या गावात समोरच्या दारातून वाटी हातात देता यायची. तेवढी छोटी गल्ली नको मला, सडका वास यायचा. पण समोरचीला हाक मारली तर तिने ओ द्यावी. चाळीस फुटांवर मी काय भोंगा वाजवू?"

मी वाद घातला. हवा, उजेड, आग लागली तर बंब. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एक भाजलेला पापड माझ्यापुढे ठेवला. "खा. पत्रक लिहिताना भूक लागते."

परत येताना भाई स्टेशनपर्यंत सोबत आला. तो म्हणाला, "आपण नमुना कसा करतो? नकाशावर भांडतो का? फळीवर पुऱ्या मापाने काढतो, मग कापतो. जमीन आपली आहे. काढ ना तिच्यावर."

हा आमच्याच धंद्याचा रिवाज, आणि तो मला सुचला नव्हता. मी सोसायटीच्या बैठकीत ठराव मांडला: गल्ली आधी शेतावर पुऱ्या मापाने आखायची, लोकांनी तिच्यात एक दिवस राहायचं, मग मत द्यायचं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आम्ही शेतात भातुकली खेळायची?" पण हात माझ्या बाजूने जास्त वर गेले.

भाताची कापणी होऊन गेली होती. खाचरात धसकटं उभी होती. शनिवारी मी त्याच दोरीच्या गाठी फूटपट्टीने पुन्हा ताडून घेतल्या आणि रविवारी सकाळी आम्ही चुन्याच्या फक्कीने रेघा ओढल्या. एक गल्ली पंधराची, शेजारी एक चाळीसची. माणसं आपापल्या खाटा, स्टो, पाट घेऊन आली आणि रेघांच्या मागे आपापल्या 'घरात' बसली. अध्यक्षांनी आरामखुर्ची आणवली होती. ती पंधराच्या गल्लीत रेघेला लावून ते पेपर वाचत बसले. बायका एकमेकींच्या नसलेल्या घरांत नसलेल्या दारातून जात होत्या आणि कोणी रेघ ओलांडून सरळ आत आली की ओरडत होत्या, "अगं, भिंत आहे ती!"

ज्यांच्याकडून जमीन घेतली ते शेतकरी काका पलीकडच्या पाड्यावर राहायचे. विक्रीच्या वेळी त्यांनी एकच अट घातली होती: त्यांच्या गाड्यांची वहिवाट आमच्या वस्तीतून चालू राहील. त्यांची शेतं वस्तीच्या तिन्ही अंगांना होती, त्यामुळे गाडी कुठल्याही गल्लीत शिरू शकत होती. मी त्यांना पेंढ्याने भरलेल्या दोन गाड्या घेऊन बोलावलं होतं. एकीवर ते, दुसरीवर त्यांचा भाऊ. पंधराच्या गल्लीत दोन्ही टोकांनी एकेक गाडी शिरली.

चाकं छान बसत होती. अध्यक्षांचा हिशेब अगदी बरोबर होता. पण भाताचा पेंढा चाकांएवढा रुंद रचत नाहीत. तो दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. हे आम्हा बेचाळीस माणसांपैकी एकालाही आठवलं नव्हतं. आम्ही कारखान्यातली माणसं, आम्हाला ट्रॉली माहीत. गाड्या समोरासमोर आल्या, भारे एकमेकांत घुसले आणि अडकले. बैल मागे सरकले. पेंढ्याची एक बाजू आरामखुर्चीवरून फिरली आणि अध्यक्षांची टोपी घेऊन गेली.

काका गाडीवरून खाली उतरलेसुद्धा नाहीत. "चाकं काय मोजतांव, सायेब? चाक काय घरी न्यायचा हाय? भारा मोजा."

अध्यक्षांनी डोक्यावरचा पेंढा झटकला. "टोपी द्या आधी."

"देतो ना. भाऱ्यात कुटं गेली ती बगतो. बैलानं ती खाल्ली नसंल तर."

लोक हसले, आणि पंधरा फूट तिथेच संपले. मला फार आनंद झाला. तो तासभर टिकला.

कारण मग माझी चाळीसची गल्ली. गाड्या मजेत निघून गेल्या, मध्ये तिसरी मावली असती. मी लोकांना ते दाखवतो आहे तोवर मागे वळून बघतो, तर रस्त्यात चटया. चटयांवर सांडगे. आणि सांडग्यांपाशी माझी आई.

"आई, हा रस्ता आहे."

"मग? ऊन इथेच आहे."

"सगळ्यांचा रस्ता आहे तो."

"सगळ्यांनीच पसरलंय की," ती म्हणाली. खरंच होतं. समोर एकाने खाट रेघेबाहेर काढली होती, पुढे कोणी सायकल दुरुस्त करत बसलं होतं, आणि एक फिटर आपल्या म्हशीसाठी खुंटा ठोकायची जागा पावलांनी मोजत होता. एका दुपारीत माझ्या चाळीस फुटांचे तीस उरले होते. कॅम्पातली कोळशाची वखार मला डोळ्यांसमोर दिसली. नको तेवढी रुंद ठेवलेली जागा रस्ता म्हणून राहत नाही. जो आधी खाट टाकेल तो ती घेतो, आणि आधी खाट टाकणारा नेहमी सर्वांत गरजू नसतो. एवढी साधी गोष्ट माझ्या पत्रकात नव्हती.

मी काकांकडे गेलो. "तुम्हीच सांगा, किती?"

त्यांनी सांगितलं नाही, दाखवलं. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या. भारा ते भारा वीस फूट झाले. मग दोन्ही कडांना एकेक माणूस उभा केला. "गाडीवाला बैलाच्या बाजूला चालतो. त्याला दोन फूट इकडं, दोन फूट तिकडं." चोवीस. आम्ही रेघा पुसून चोवीसवर ओढल्या. भाभी एका बाजूच्या पाटावर बसली, माझी आई समोरच्या. भाभीने साध्या आवाजात विचारलं, "मौसी, मीठ आहे?" आईने तितक्याच साध्या आवाजात सांगितलं, "आहे, पण तू ये न्यायला. माझे गुडघे दुखतात." भाई माझ्याकडे बघून हसला.

चोवीसला सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला, आणि तो वर न्यायला मला जड गेलं नाही. मी चाळीस मागितले होते ते सगळ्यांना सारखा उजेड मिळावा म्हणून. तो चोवीसमध्येही मिळत होता, आणि सात घरंही वाचत होती.

असं मला वाटलं. अध्यक्षांनी मात्र तिथेच खिशातून पेन काढलं. तीन गल्ल्यांचे बहात्तर, सहा ओळींचे तीनशे साठ, मिळून चारशे बत्तीस. जागा चारशे अठ्ठावीस.

"चार फूट कमी," ते म्हणाले. टोपी अजून मिळाली नव्हती. "शेवटच्या ओळीचे प्लॉट छप्पन्न फुटांचे करावे लागतील. पण ते करता येत नाही. सगळे प्लॉट समान. सगळ्यांचेच आठ-आठ इंच कापायचे तर साठ फुटांची वाटपपत्रं हातात आहेत, पहिली ओळ ती बदलून देणार नाही. गल्ली कमी करू म्हटलं तर काकांचा गाडीवाला चिरडेल. कलमं तुमचीच आहेत, पत्रकवाले. सांगा, काय करायचं?"

शेवटच्या ओळीतली सात कुटुंबं त्यांच्या फक्कीच्या घरांत उभी होती.

भाई पुढे आला. "मला छप्पन्न चालतील. लिहून घ्या."

"नाही चालणार," मी म्हणालो.

"साईं, मला चालतात, तुला का नाही चालत?"

"कारण आज तू चार फूट सोडशील, उद्या नळ आला की तुझ्या ओळीला शेवटी पाणी, दिवे आले की शेवटी खांब. ज्याने पहिल्या दिवशी कमी घेतलं त्याला पुढे सगळं कमीच देतात." हे बोलताना मला दुसरा काही मार्ग माहीत नव्हता. माझं म्हणणं खरं होतं, आणि त्या खऱ्या म्हणण्यापायी माझ्या मित्राचं घर जात होतं. दोन्ही एकाच वेळी होतं.

भाईने रेघांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "चारशे अठ्ठावीस कोणी मोजले?"

"मी."

"कशाने?"

मी दोरी दाखवली.

"दोरीवर गाठी कशाने मारल्या?"

मी खिशातून फूटपट्टी काढून दिली. त्याने ती उन्हात धरली, कडेवरची अक्षरं वाचली आणि खाली धसकटांतच बसला. तो हसत होता. इतका, की भाभी धावत आली.

ती फूटपट्टी पॅटर्न शॉपची होती. लोखंड आकसतं म्हणून नमुना मोठा करायचा असतो हे वर सांगितलं. प्रत्येक मापाला वेगळा हिशेब करत बसायला नको म्हणून आमच्या फूटपट्ट्याच मोठ्या असतात. तिचा एक फूट म्हणजे एक फूट आणि वर एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाकावर ती हातात घेताना हे आम्हाला झोपेतही माहीत असतं. शेतात गेल्यावर मी ते साफ विसरलो होतो. मोठ्या फुटाने मोजलं म्हणून जमीन कमी भरली होती.

"चारशे अठ्ठावीस सूत," भाई डोळे पुसत म्हणाला. "करो हिसाब."

आठ सुतांचा इंच. साडेत्रेपन्न इंच. चार फूट साडेपाच इंच. अध्यक्षांनी पेनाने दोनदा ताळा केला. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे ही जमीन थंड झाल्यावर आकसणार होती?"

त्यांनी केलेला तो एकच चांगला विनोद, आणि मी सर्वांत मोठ्याने हसलो. गल्लीही त्याच दोरीने आखलेली, म्हणजे ती मुळात तीन इंच जास्त रुंद होती. ते काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तीन बोटांनी बैल अडत नाय." पुढच्या आठवड्यात मोजणीदार टेप घेऊन आला. त्याच्या टेपनेही चारशे बत्तीस फूट आणि वर पाच-सहा इंच भरले.

मी दुसरं पत्रक काढलं. त्यात एवढंच होतं: 'मागील पत्रकात जिथे चाळीस आहे तिथे चोवीस वाचावे. बाकी मजकूर कायम.' काही जणांनी मला विचारलं, माघार घेताना लाज नाही वाटली? मुळीच नाही. मागणी चुकीची निघाली तर ती छापून दुरुस्त करायची असते, जशी केली तशीच.

आता तिन्ही गल्ल्या उभ्या आहेत. सगळ्या चोवीसच्या. कापणी झाली की पेंढ्याच्या गाड्या येतात, एक इकडून एक तिकडून, आणि भारे एकमेकांना घासून जातात. दारातल्या बायका पाय आत घेतात. भाईचं घर शेवटच्या ओळीत आहे. त्याची मागची भिंत आणि ओढ्याच्या बाजूची हद्द यांच्यात जी साडेपाच इंच जागा उरली, तिच्यात माणूस तर सोडाच, मांजरही नीट वळत नाही. भाभी तिथे पापडाचा पाट आणि काठी उभी करून ठेवते. कोणी विचारलं की सांगते, "ती ना, भाऊची गल्ली. त्याने मोजून ठेवली आहे."